'डझन', 'कोडी' आणि 'विसा' : समूहवाचक संख्याशब्दांचा विचार
(नंदुरबार परिसराच्या संदर्भात)

मराठी व्याकरणाच्या अध्यापनात संख्याविशेषणांचे प्रकरण सहसा लवकर आटोपले जाते. गणनावाचक, क्रमवाचक, आवृत्तिवाचक, पृथक्त्ववाचक असे प्रकार सांगितले आणि प्रत्येकाची दोन-दोन उदाहरणे फळ्यावर लिहिली की विषय संपला, असे मानण्याची प्रथा आहे. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथानंतरच्या क्रमिक व्याकरणांत ही विभागणी इतकी रुळली आहे की तिच्या कडेला उभे असलेले शब्द अभ्यासकाच्या नजरेतून सुटतात. 'डझन' हा असाच एक शब्द. तो मराठी माणसाच्या तोंडी दररोज येतो, लहान मुलालाही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही, आणि तरीही तो व्याकरणातील कोणत्या खणात ठेवायचा हे विचारले तर उत्तर देताना चाचरायला होते. 'डझन म्हणजे बारा' हे कोशातले उत्तर बरोबर आहे. पण ते अर्थाचे उत्तर आहे, शब्दाच्या स्वरूपाचे नव्हे.

'डझन' आणि 'बारा' एकाच संख्येची दोन नावे असती, तर ती एकमेकांच्या जागी चालली असती. प्रत्यक्षात ती फारशी चालत नाहीत. 'दोन डझन केळी' असे म्हणता येते, 'दोन बारा केळी' असे म्हणता येत नाही. 'अर्धा डझन', 'अडीच डझन' ही रूपे सहज आहेत. 'अर्धे बारा' हा प्रयोग भाषेला मानवत नाही. उलट 'बारावा' हे क्रमवाचक आहे, 'डझनावा' नाही. 'बारापट' आहे, 'डझनपट' नाही. 'बाराही जण आले' या वाक्यातील 'ही' साकल्य दाखवतो, तर 'डझनही माणसे आली नाहीत' यातील 'ही' न्यूनत्व दाखवतो. 'डझनाला साठ रुपये' यात भाव कळतो. 'बाराला' म्हटले की ऐकणारा घड्याळाकडे पाहतो. 'भर' या प्रत्ययाची परीक्षा तर निर्णायक म्हणावी अशी आहे. 'मूठभर', 'वाटीभर', 'शेरभर' यांच्या पंक्तीत 'डझनभर' बसतो, पण 'बाराभर' असा शब्द नाही. तेथे 'बाराएक' म्हणावे लागते. 'हजारभर', 'लाखभर' ही रूपे आढळतात, ती 'हजार' आणि 'लाख' हेही नामाप्रमाणे वापरले जातात म्हणून. 'डझनभर माणसे आली' या वाक्यात क्रियापद माणसांशी जुळते, जसे 'शेरभर दूध सांडले' यात ते दुधाशी जुळते. या सर्व खुणांवरून 'डझन' हे संख्याविशेषण नसून समूहाचे माप सांगणारे नाम आहे, असा निष्कर्ष काढावा लागतो. त्याचे सोयरे 'दहा', 'अकरा', 'तेरा' हे नव्हेत; 'शेर', 'पायली', 'जुडी', 'शेकडा' हे त्याचे सोयरे.

व्युत्पत्तीच्या अंगाने पाहता मात्र 'डझन' आणि 'बारा' ही दोन परकी माणसे नाहीत, दुरावलेली भावंडे आहेत. लॅटिनमध्ये बारासाठी 'दुओदेकिम' असा शब्द होता : 'दुओ' म्हणजे दोन आणि 'देकेम' म्हणजे दहा. संस्कृतातील 'द्वादश' याची घडण अगदी हीच : 'द्व' आणि 'दश'. दोन्ही शब्द आद्य भारत-युरोपीय भाषेतील एकाच सामासिक रचनेचे वारस आहेत. पुढे लॅटिनचा शब्द लोकांच्या तोंडी झिजत जुन्या फ्रेंचमध्ये 'दोझ' आणि आजच्या फ्रेंचमध्ये 'दूझ' असा झाला. इकडे 'द्वादश' पालीत 'बारस', महाराष्ट्री प्राकृतात 'बारह' आणि मराठीत 'बारा' असा उतरला. तिकडे आरंभीचा 'द' टिकला आणि मधले अवयव गळाले. इकडे 'द्व'मधील 'द' गळून 'व'चा 'ब' झाला, मधल्या 'द'चा 'र' झाला आणि शेवटचा 'श' आधी 'स', मग 'ह' होऊन अखेर स्वरात विरून गेला. एकाच पूर्वजाची ही दोन रूपे आज इतकी भिन्न दिसतात की त्यांत एकही व्यंजन समान उरलेले नाही.

जुन्या फ्रेंचने 'दोझ' या संख्याशब्दाला '-एन' हा प्रत्यय लावून 'दोझेन' हे समूहवाचक नाम घडवले. हा प्रत्यय फ्रेंचमध्ये आजही जिवंत असून दहाचा, विसाचा, शंभराचा गट सांगणारी नामे त्याच रीतीने बनतात. १०६६ नंतर इंग्लंडमध्ये नॉर्मन सत्ता आली आणि दरबार, न्यायालय व व्यापार यांच्या भाषेत फ्रेंच शब्दांची रीघ लागली. तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमारास हा शब्द इंग्रजीत स्थिरावला. इंग्रजीचा बारासाठी स्वतःचा शब्द होताच. 'ट्वेल्व्ह' हा मूळ जर्मानिक शब्द असून त्याचा अर्थ 'दोन उरले', म्हणजे दहा मोजून झाल्यावर दोन शिल्लक राहिले, असा आहे. अर्थात इंग्रजीने 'डझन' घेतला तो बाराला नाव नव्हते म्हणून नव्हे. बाराच्या गठ्ठ्याला नाव हवे होते म्हणून. अनेक शतकांनंतर मराठीने हाच शब्द इंग्रजीकडून उचलला तोही त्याच कारणासाठी, हे या प्रकरणातील मर्म आहे.

शब्द मराठीत कोणत्या दाराने आला हे त्याच्या उच्चारावरून ओळखता येते. इंग्रजी दंतमूलीय 'ड' भारतीय कानाला मूर्धन्य वाटतो. 'डॉक्टर', 'डेपो' यांप्रमाणे 'डझन'मध्येही तो 'ड'च झाला. पोर्तुगीजमध्ये बाराच्या गटाला 'दूझिया' म्हणतात. तेथून शब्द आला असता तर त्याच्या शेवटाला वेगळे वळण मिळाले असते. मधला घर्षक ध्वनी मराठीने 'झ'ने लिहिला, कारण 'झाड', 'माझा' यांतील दंततालव्य 'झ' मराठीला जन्मजात आहे. हिंदीने याच शब्दाचे 'दर्जन' केले. त्या भाषेच्या मूळ वर्णमालेत हा ध्वनी नसल्यामुळे तेथे 'ज' आला, आणि 'र' कोठून तरी येऊन मध्ये बसला. गुजराती मात्र मराठीप्रमाणेच 'डझन' म्हणते. नंदुरबारसारख्या त्रिसीमेवरील जिल्ह्यात, जेथे एकाच बाजारात महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातील गिऱ्हाईक येते, तेथे 'डझन' आणि 'दर्जन' ही दोन रूपे शेजारी शेजारी ऐकू येणे स्वाभाविक आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल : मराठीत बाराच्या समूहासाठी शब्द का नव्हता? समूहवाचक नामे घडवण्याची सोय तर मराठीला संस्कृताकडून वारशाने मिळाली होती. फ्रेंच '-एन' जे काम करतो तेच काम संस्कृतातील '-क' करतो : पंचक, सप्तक, अष्टक, दशक, शतक. लोकभाषेत तिकडी, चौकडी, शेकडा हे शब्द त्याच जातीचे. पण या शब्दांचा सर्वांत जिवंत साठा कोठे असेल तर तो पाढ्यांत. 'बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे सक बारा' असे म्हणणारे मूल नकळत समूहवाचक संख्याशब्द उच्चारत असते. 'त्रिक' म्हणजे तिनांचा गट. 'चोक' हा 'चतुष्क'चा आणि 'सक' हा 'षट्क'चा वंशज. पाठांतरासाठी बांधलेल्या या लयीने शतकानुशतके ही रूपे जपली, अन्यथा बोलीतून ती केव्हाच नाहीशी झाली असती. परंतु पाढा 'दाहे'पाशी थांबतो. अकरा आणि बारा यांना गुणक म्हणून पाढ्यात जागाच नाही, म्हणून त्यांची समूहवाचक रूपेही तेथे घडली नाहीत.

बारा ही संख्या मराठी संस्कृतीला अपरिचित होती असा याचा अर्थ नाही. उलट इतकी मानाची संख्या दुसरी क्वचितच असेल. बारा महिने, बारा बलुतेदार, बारा मावळ, बाराव्या दिवसाचे बारसे, १७७४ चे बारभाईंचे कारस्थान अशी तिची उपस्थिती सर्वत्र आहे. 'बारा गावचे पाणी प्यालेला' माणूस आणि 'बारा पिंपळांवरचा मुंजा' हे तर भाषेचे कायमचे रहिवासी. पण या सर्व ठिकाणी बारा ही ठरलेली, पूर्ण, जवळजवळ विधिवत संख्या आहे. तिचे पुन्हा गठ्ठे करून मोजण्याची गरज तेथे पडत नाही. 'दोन बारा बलुतेदार' असे कोणी म्हणत नाही. म्हणूनच यांपैकी एकाही प्रयोगात 'डझन' शिरू शकला नाही. 'डझन गावचे पाणी' हा विनोदच ठरेल.

गठ्ठा करण्याची गरज नव्या मालाने आणली. कारखान्यात तयार झालेल्या, एकसारख्या आकाराच्या, सुट्या विकता येणाऱ्या वस्तू बारांच्या वेष्टनात येत. बारा डझनांचा 'ग्रोस' हाही शब्द त्यांच्याच बरोबर आला. पेन्सिली, गुंड्या यांचे घाऊक व्यापारी तो वापरत आले आहेत. बाराची निवड इंग्रजी नाणेपद्धतीशी सुसंगत होती, कारण बारा पेन्सांचा एक शिलिंग होई. डझनाचा भाव शिलिंगांत सांगितला की नगाचा भाव तितक्याच पेन्सांत आपोआप निघे. हिंदुस्थानातही बारा पैंचा एक आणा होता, त्यामुळे हा हिशेब येथे परका वाटला नाही. शिवाय बाराला दोन, तीन, चार आणि सहा यांनी नि:शेष भाग जातो. दहाला फक्त दोन आणि पाच यांनी जातो. सुट्या विक्रीत पाव डझन, अर्धा डझन करता येणे ही दुकानदाराची मोठीच सोय. अंगठ्याने उरलेल्या चार बोटांची पेरे मोजली तरी बाराच भरतात, म्हणजे ही संख्या हातावर होतीच. तिला फक्त बाजारी नाव मिळायचे होते. कागदाच्या व्यापारात चोवीस तावांचा 'दस्ता' आधीपासून होता, पण ते नाव कागदापुरतेच राहिले.

कारखानी मालापासून हा शब्द फळांकडे आणि अंड्यांकडे वळला असावा, असे त्याच्या आजच्या वापरावरून दिसते. धान्य, भाजी, दूध यांना तो कधी लागला नाही. बांगड्या, वह्या, केळी, हापूस आंबे, अंडी यांना लागला. १ एप्रिल १९५७ पासून नाणी दशमान झाली, त्यानंतर काही वर्षांत शेर आणि मण जाऊन किलो आला, ब्रिटननेही १५ फेब्रुवारी १९७१ रोजी बारा पेन्सांचा शिलिंग मोडीत काढला. ज्या नाणेपद्धतीच्या आधाराने डझन उभा होता ती दोन्ही देशांत संपली, पण डझन उरला. तो वजन नसून गणना असल्यामुळे मेट्रिक पद्धतीच्या कचाट्यात सापडला नाही. अंड्यांच्या व्यापारात याची गंमत पाहण्यासारखी आहे. घाऊक भाव शेकड्याने निघतो, माल तीस अंड्यांच्या ट्रेमधून येतो आणि गिऱ्हाईक डझनाने किंवा अर्ध्या डझनाने मागते. नवापूर हे कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तेथेच नोंदला गेला, त्यामुळे हे नाव देशभर गेले. तेथील व्यापाऱ्याला एकाच मालासाठी शंभर, तीस आणि बारा अशा तीन मापांतून ये-जा करावी लागते, आणि 'एक ट्रे म्हणजे अडीच डझन' हे समीकरण त्याच्या जिभेवर असते.

डझनाची जागा रिकामी होती म्हणून शब्द आला, हे विधान पटवून घ्यायचे असेल तर त्याच्या जोडीचा दुसरा इंग्रजी शब्द तपासावा लागतो. तो म्हणजे 'स्कोअर'. इंग्रजीत याचा एक जुना अर्थ 'वीस' असा आहे. मूळ शब्द जुन्या नॉर्स भाषेतला 'स्कोर', म्हणजे खाच. काठीवर खाचा पाडून मोजण्याची रीत होती. विसांचा एक गट झाला की एक मोठी खाच पाडीत, आणि त्या खाचेचेच नाव विसाला मिळाले. मेंढ्या मोजण्याशी या रीतीचा संबंध जोडला जातो. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्ग येथे अब्राहम लिंकन यांनी आपल्या भाषणाचा आरंभ १७७६ पासून उलटलेल्या ८७ वर्षांच्या उल्लेखाने केला तेव्हा त्यांनी ती चार विसा आणि सात अशीच मोजली. फ्रेंचमध्ये तर ऐंशीला आजही 'चार विसा' याच अर्थाचा शब्द प्रमाण भाषेत आहे. पॅरिसमधील प्राध्यापकाला तो म्हणताना संकोच वाटत नाही.

हा 'स्कोअर' विसाच्या अर्थाने मराठीत आला नाही. राज्यकर्ते तेच, शाळा त्याच, क्रमिक पुस्तके तीच. मग 'डझन' आला आणि 'स्कोअर' दारातच का थांबला? कारण ते घर भरलेले होते. विसाच्या समूहासाठी मराठीजवळ एक नव्हे, अनेक शब्द होते. 'कोडी' म्हणजे वीस नगांचा गट. 'खंडी' म्हणजे वीस मण, आणि धनगरांच्या बोलण्यात वीस मेंढ्यांचा कळप. जमिनीच्या जुन्या मापात वीस काठ्यांचा एक पांड आणि वीस पांडांचा एक बिघा. ग्रामीण बोलीत वय सांगताना 'तीन विसा', 'चार इसा' असे शब्द जुन्या पिढीच्या तोंडी येतात, आणि पाच विसांचे शंभर होतात. 'अठरा विश्वे दारिद्र्य' हा वाक्प्रचार शहरी, सुशिक्षित लेखकही वापरतो. त्याचा उलगडा 'अठरा विसे', म्हणजे तीनशे साठ, वर्षाचे सगळे दिवस, असा केला जातो. दुसऱ्या मताने 'विश्वा' हा विसावा हिस्सा असून विसांपैकी अठरा हिस्से दारिद्र्य असा त्याचा अर्थ होतो. दोन्ही मतांत वीस आहेच. विसांच्या गणनेला गावंढळ समजणारा माणूस स्वतःच्या लेखनात ती अशी बाळगून असतो.

या जागेवर देवघेव झाली ती उलट दिशेने. सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीतून कापड नेणाऱ्या युरोपीय व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत वीस नगांच्या गठ्ठ्याला 'कोर्ज' असा शब्द आढळतो. पोर्तुगीजांच्या तोंडी तो 'कोर्झा' असा होता. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाने त्याची नोंद घेतली असून भारतीय 'कोडी'शी त्याचा संबंध जोडण्याचे प्रयत्न झाले आहेत. 'स्कोअर' मायभाषेत असूनही इंग्रज व्यापाऱ्याला येथील बाजारात येथलाच शब्द वापरावा लागला. 'कोडी' हा शब्द स्वतः कोठून आला याविषयी पंडितांत मतभेद आहेत. पूर्वेकडील 'कुडि' या रूपाकडे पाहून काहींनी तो आर्यपूर्व भाषांचा वारसा मानला आहे. पुढे 'स्कोअर' मराठीत आला तो क्रिकेटच्या मैदानावरून, धावसंख्या या अर्थाने. आरंभीच्या क्रिकेटमध्ये धावाही काठीवर खाचा पाडूनच मोजत असत. खाचेची वीस मागे राहिली आणि खाचेची धाव मराठीत आली. ज्या अर्थाला येथे जागा होती तेवढाच अर्थ भाषेने घेतला.

हा विचार नंदुरबार जिल्ह्यात नेला की त्याला निराळी धार येते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या सहा तालुक्यांचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. पावरी, मावची, देहवाली अशा भिली कुळातील बोली, अहिराणी, गुजर समाजाची बोली, प्रमाण मराठी, हिंदी आणि गुजराती असे येथील भाषिक चित्र आहे. ग्रियर्सन यांनी 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया'च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिली आणि खानदेशी यांचा एकत्र विचार केला. ते वर्गीकरण आज सर्वांना मान्य नाही, पण संख्याशब्दांच्या तुलनेसाठी त्या तक्त्यांचा उपयोग अजून होतो.

त्या दृष्टीने 'दोन' या संख्येचे उदाहरण बोलके आहे. प्रमाण मराठीत सुटा शब्द 'दोन' आहे, पण पाढ्यात 'बे' येतो. शिवाय बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव या सर्वांच्या आरंभी 'ब' आहे. 'द्व'चा 'द' एकट्या दोनाने ठेवला आणि जोडसंख्यांनी 'ब' ठेवला. गुजरातीत मात्र दोनाचा रोजचा शब्दच 'बे' आहे, आणि भिली बोलींतही 'बे' किंवा त्याचीच रूपे आढळतात. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. एकाच फलाटाच्या एका टोकाला 'दोन' ही प्रमाण भाषा आणि दुसऱ्या टोकाला 'बे' ही प्रमाण भाषा. पुण्या-मुंबईच्या मुलाला 'बे एके बे' हे निरर्थक पाठांतर वाटते; घरी 'बे' म्हणणाऱ्या नवापूरच्या मुलाला तेच अर्थपूर्ण वाक्य आहे. पाढ्याच्या बाबतीत हे मूल चार पावले पुढे असते, पण वर्गात त्याच्या बोलीतील 'बे'ची गणना बहुधा चुकीत होते.

विसांच्या मोजणीची गोष्ट याहून गंभीर आहे. धडगाव, मोलगी येथील बाजारांत डोंगरातून येणारा विक्रेता आणि सपाटीवरून येणारा व्यापारी यांची गाठ पडते. काही माल वजनावर जातो, काही वाट्यावर, काही टोपलीवर. उरलेला मोजून जातो. मोजून जाणाऱ्या मालात तीन मापे समोरासमोर येतात : वीस, शेकडा आणि डझन. यांपैकी वीस आणि शेकडा यांचे एकमेकांशी उत्तम जमते. विसाला ऐंशी रुपये भाव असेल तर शेकड्याला चारशे. पाच वेळा मोजले की हिशेब पुरा, बाकी शून्य. डझन मात्र शेकड्यात पूर्ण बसत नाही. शंभर म्हणजे आठ डझन आणि वर चार. डझनाला पन्नास रुपये भाव ठरला तर एका नगाची किंमत चार रुपये आणि सोळा पैशांहून थोडी अधिक निघते, आणि विसांची किंमत त्र्याऐंशी रुपये तेहतीस पैसे. हे पैसे कोणाच्या बाजूने सोडायचे याचा निर्णय बाजारात बहुधा वही ज्याच्या हाती असते तोच घेतो. वीस आणि बारा यांचा मेळ थेट साठाशी बसतो : तीन विसा म्हणजे पाच डझन. त्याअलीकडच्या प्रत्येक रूपांतरात बाकी उरते.

तेव्हा दशमान पद्धतीच्या देशात शास्त्रीय माप कोणते म्हणायचे? वीस हे दहाचे दुप्पट आणि शंभराचा पाचवा हिस्सा आहे. रुपया-पैशाच्या आजच्या व्यवस्थेशी त्याचे नाते सरळ आहे. डझनाचे नाते होते ते मोडीत निघालेल्या पै आणि पेन्साशी. तरीही 'तीन डझन' म्हणणारा माणूस व्यवहारी ठरतो आणि 'दोन विसा' म्हणणारा अडाणी. लिंकनच्या तोंडी जी गणना भारदस्त वाटते, तीच सातपुड्यातील म्हातारी आपले वय सांगताना वापरते तेव्हा 'यांना शंभरापर्यंत मोजता येत नाही' असा शेरा मारला जातो. हा शेरा भाषाशास्त्राच्या दृष्टीने साफ चुकीचा आहे. 'चार विसा नि सात' म्हणणाऱ्याला गुणाकार आणि बेरीज दोन्ही क्रिया अवगत असतात. 'सत्त्याऐंशी' म्हणणाऱ्याला त्या शब्दाची फोड करता येतेच असे नाही.

या मुद्द्याला २०१९ च्या एका वादाची पार्श्वभूमी जोडणे उपयुक्त ठरेल. त्या वर्षी बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशा संख्यावाचनाचा समावेश झाला आणि जून महिन्यात त्यावर वृत्तपत्रांपासून विधिमंडळापर्यंत टीका झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांनी त्यामागील भूमिका स्पष्ट केली होती : मराठी संख्यानामांत जोडाक्षरे पुष्कळ, शिवाय 'त्रेसष्ट' लिहिताना आधी सहा आणि बोलताना आधी तीन, असा उलटा क्रम, यांमुळे मुलांचा गोंधळ उडतो. विरोधकांचा भर मराठीच्या स्वत्वावर होता. क्रमाच्या प्रश्नात स्वत्वाचा मुद्दा तितकासा टिकत नाही, कारण एकक आधी सांगण्याची ही रीत संस्कृत 'एकविंशति'पासूनची असली तरी जर्मनमध्येही ती आहे आणि जुन्या इंग्रजीतही होती. पण नव्या वाचनाच्या समर्थकांनीही दाखले दिले ते इंग्रजीचे आणि दक्षिणेकडील भाषांचे. मराठीच्याच मुलखात, 'तीन विसा नि तीन' या बोलीत, मोठा गट आधी आणि उरलेले नंतर सांगण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. तो दाखला या वादात पुढे यायला हवा होता.

आश्रमशाळेत शिकवणाऱ्या शिक्षकाच्या हाती यातून एक साधन येते. ज्या मुलाने घरी आजीकडून 'तीन विसा' ऐकले आहे त्याला साठ ही संख्या समूह म्हणून आधीच ठाऊक असते. त्याच्यापुढे बारांचे पाच आणि विसांचे तीन गट चिंचोक्यांनी मांडून दाखवले, तर लघुतम साधारण विभाज्य ही पुढे भीती घालणारी कल्पना त्याला बाजारातल्या हिशेबासारखी वाटू शकेल. पण त्यासाठी शिक्षकाला बोलीतील रूपे माहीत असावी लागतात, आणि कोशांची अडचण येथेच आहे. 'डझन' या नोंदीपुढे 'बारा नगांचा समूह' एवढे लिहून भागत नाही. कोणत्या मालाला तो लागतो आणि कोणत्याला लागत नाही हे त्याच्या अर्थाचेच अंग आहे. 'कोडी' आणि 'खंडी' यांबाबतही तेच. सहा तालुक्यांतील बोलींत विसासाठी कोणती रूपे आहेत, 'स'चा 'ह' करण्याची भिली बोलींची प्रवृत्ती त्यांत कोठवर दिसते, आद्य 'व' कोठे गळतो, बांबू, कोंबड्या, वय आणि पैसे यांसाठी एकच शब्द चालतो की निरनिराळे, याची नोंद मालाच्या नावासह व्हायला हवी. ज्यांना ही रूपे अजून तोंडपाठ आहेत ती माणसे आज वयाने तीन विसांच्या पलीकडे गेलेली आहेत.